तीन मिनिटांची ती मारामारी

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून आपले सेक्रेटरी गेले दोन महिने माझ्या मागे आहेत. जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे गाठतील तिथे. गच्चीवरच्या कराटे क्लासच्या आठवणी लिहा, असं त्यांचं म्हणणं. आता लिहिण्यासारखी आठवण खरं तर एकच आहे, आणि ती काही मिरवण्यासारखी नाही. पण ती ज्या माणसामुळे मला पचवता आली, त्याची गोष्ट सांगायचं फार दिवस मनात होतं. तो माणूस म्हणजे ब्रूस ली. तेव्हा आधी माझी फजिती थोडक्यात सांगते आणि मग त्याच्याकडे वळते.

जुन्या सभासदांना २०११ सालचा तो प्रसंग आठवत असेल. मी बाजारातून येत होते, दोन्ही हातांत पिशव्या. मागच्या गेटपाशी, जिथे तेव्हा दिवा नव्हता (हो, ए.जी.एम.मध्ये विषय झाला होता, पण राहू दे), कुणीतरी मागून गळ्याभोवती हात टाकला. दुसरा हात मंगळसूत्रावर. मी ब्लॅक बेल्ट. त्या वेळी पंधरा वर्षं शिकवत होते. मला सात प्रकारचे ब्लॉक येत होते, आणि ते सातही समोरून, उजव्या मुठीने, एका पावलाच्या अंतरावरून येणाऱ्या शहाण्या माणसासाठी होते. हा मागून आला होता आणि चिकटला होता. मी पडले, कोपर फुटलं. धावून आले ते आपले तेव्हाचे वॉचमनमामा. पन्नाशी उलटलेले, तरुणपणी सांगलीकडे तालमीत घुमलेले. त्यांनी खाली वाकून त्या माणसाचा पट काढला, त्याला फरशीवर आपटला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिले. सगळं मिळून दहा सेकंद.

पुढच्या शनिवारी गच्चीवर चोवीस मुली बसल्या होत्या. एरवी मला काकू म्हणणाऱ्या आणि क्लासमध्ये सेन्सेई म्हणणाऱ्या. त्यातल्या सर्वांत लहान मुलीने विचारलं की तुम्ही त्याला मारलं का नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या आयांना मी दरवर्षी सांगत आले होते की मुलगी स्वतःचं रक्षण करायला शिकेल. त्या रात्री झोप लागली नाही. हात गळ्यात बांधलेला, म्हणून दुसरं काही करता येत नव्हतं, तर कपाटातलं ब्रूस लीचं चरित्र काढून पुन्हा वाचायला घेतलं.

आमच्या पिढीला ब्रूस ली भेटला तो व्हिडिओवर. चाळीत गणपतीत भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, रात्रभर तीन पिक्चर. १९८४ साली त्यात 'एंटर द ड्रॅगन' होता. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने झाडूची दांडी कापून, सायकलची साखळी लावून नानचाकू बनवला आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच्याच कपाळावर टेंगूळ आणलं. मी दोन वर्षांनी कराटेला नाव घातलं. आमच्या लेखी ब्रूस ली म्हणजे कधीही न हरणारा, ओरडत उडणारा माणूस. त्याला मरून अकरा वर्षं झाली होती हेसुद्धा आम्हाला नंतर कळलं.

तर त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० चा, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये. वडील ली होई-चुएन कँटोनीज संगीत नाटकातले नट. कंपनीच्या दौऱ्यावर असताना हा मुलगा झाला. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांसारखंच. आई ग्रेस हो हिच्या घराण्यात युरोपीय रक्ताची भेसळ होती. मुलगा काही महिन्यांचा असताना कुटुंब हाँगकाँगला परतलं. वर्षभरात जपान्यांनी हाँगकाँग घेतलं आणि १९४५ पर्यंत ठेवलं. युद्धानंतर शहरात चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. गर्दी, बेकारी, पोरांच्या टोळ्या. हा पोरगा सिनेमात बालनट म्हणून कामं करायचा आणि उरलेल्या वेळात रस्त्यावर मारामाऱ्या. अठरा वर्षांचा होईपर्यंत वीसेक सिनेमे झाले होते.

याच निर्वासितांबरोबर फोशानहून इप मॅन नावाचे गुरू हाँगकाँगला आले होते. ब्रूस किशोरवयात त्यांच्याकडे विंग चुन शिकायला लागला. विंग चुन ही जवळून लढायची विद्या. समोरच्याच्या हाताला आपला हात चिकटवून ठेवायचा, दाब कुठून येतोय ते कातडीने ओळखायचं, आणि मधल्या रेषेतून आखूड, सरळ ठोसे मारत सुटायचं. लाथा थोड्या आणि खालच्या. ब्रूसला दूरचं नीट दिसत नसे, जाड भिंगांचा चष्मा होता. त्याला हातभर अंतरावरची ही विद्या मानवली यात नवल नाही. त्या काळी हाँगकाँगमध्ये वेगवेगळ्या गुरूंचे चेले इमारतींच्या गच्च्यांवर एकमेकांशी लढायचे. कुणाची शैली खरी, याचा निकाल गच्चीवर. (आपल्या गच्चीवर पापड वाळत घालण्यावरून जे होतं त्याला मी यात धरत नाही.)

दोन गोष्टी मात्र त्याने गुरूच्या बाहेर केल्या. १९५८ मध्ये शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत उतरला आणि आधीच्या विजेत्या इंग्रज मुलाला हरवून जिंकला. त्याच वर्षी चा-चा-चा नाचाच्या स्पर्धेतही पहिला आला. नाचाच्या १०८ पावलांची यादी तो जवळ बाळगायचा. चरित्रकार हे गंमत म्हणून सांगतात. मला मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून वाटतं की त्याच्या पुढच्या सगळ्या लढण्याची किल्ली त्या नाचात आहे. पाय हलके असणारा माणूस एका जागी रोवून उभ्या राहणाऱ्या विद्येत कायमचा कसा राहील?

मारामाऱ्या पोलिसांपर्यंत गेल्या तेव्हा घरच्यांनी १९५९ मध्ये त्याला शंभर डॉलर देऊन बोटीने अमेरिकेला धाडलं. जन्म तिथला असल्यामुळे नागरिकत्व होतंच. सिॲटलमध्ये बापाच्या ओळखीच्या एका चिनी बाईंच्या हॉटेलात वेटरचं काम, वर माळ्यावर राहायला जागा, दिवसा शिक्षण. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात नाव घातलं. फावल्या वेळात तो कुंग फू शिकवायला लागला, आणि त्याचा पहिला शिष्य होता जेसी ग्लोव्हर, कृष्णवर्णीय, ज्युदो येणारा. दुसरा जवळचा शिष्य टाकी किमुरा, जपानी वंशाचा, ज्याचं तारुण्य युद्धकाळात अमेरिकेच्या छावणीत कोंडून गेलं होतं. त्या सुरुवातीच्या टोळक्यात कुणी ज्युदोवाला, कुणी बॉक्सर, कुणी नुसताच रस्त्यावर भांडणारा. जागा मिळेल तिथे, अगदी पार्किंगमध्येही सराव चाले. शिकवणारा हा, पण शिष्यांकडूनही घेत होता.

१९६४ साल त्याच्या आयुष्यात फार गर्दीचं. तो ओकलंडला आला, जेम्स यिम ली या वयाने बऱ्याच मोठ्या मित्राबरोबर शाळा काढली. ऑगस्टमध्ये लाँग बीचला कराटेच्या मोठ्या स्पर्धेत प्रात्यक्षिक केलं. दोन बोटांवर जोर मारले, एका इंचावरून ठोसा मारून माणूस मागच्या खुर्चीत पाडला. त्याच महिन्यात लिंडाशी लग्न. आणि वर्ष संपता संपता ती मारामारी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधला एक तरुण शिक्षक होता, वाँग जॅक मॅन. उत्तर शाओलिन शैलीचा. उंच, लांब टांगांचा, दुरून लढणारा. आव्हान का दिलं गेलं याच्या दोन कथा आहेत. लिंडाच्या म्हणण्याप्रमाणे, बिगर-चिनी लोकांना विद्या शिकवणं थांबव असा इशारा घेऊन ते लोक आले होते. वाँगच्या म्हणण्याप्रमाणे तसं काही नव्हतं, ब्रूसच्याच एका जाहीर फुशारकीवरून विषय निघाला होता. किती वेळ चालली यावरही एकमत नाही. लिंडा सांगते तीन मिनिटं, वाँग सांगायचा वीस-पंचवीस. आपल्या पार्किंगमधल्या भांडणाच्या साक्षी ज्यांनी ऐकल्यात त्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

लिंडा त्या खोलीत होती, पोटात सातव्या महिन्याचं बाळ. तिने सांगितलेलं असं: सुरुवातीला ठोसे झाले, मग वाँग मागे हटायला लागला आणि खोलीभर पळू लागला, ब्रूस त्याच्या मागे. शेवटी त्याला खाली पाडून त्याच्याकडून हार कबूल करून घेतली. झालं. जिंकला. वाँगने पुढे चिनी वर्तमानपत्रात आपली बाजू छापून पुन्हा जाहीर लढण्याचं आव्हान दिलं, ते ब्रूसने घेतलं नाही.

आता इथे मी दर वेळी थांबते. लढत संपल्यावर लिंडाला तो बाहेर डोकं धरून बसलेला दिसला. जिंकलेला माणूस. त्याला खात होतं ते हे की मामला काही सेकंदांत संपायला हवा होता. त्याची विद्या समोर उभ्या असलेल्या माणसासाठी होती, आणि हा समोर उभाच राहिला नाही. पळणाऱ्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर मारायला विंग चुनमध्ये काही नव्हतं. आणि दम! चोविसाव्या वर्षी तो धापा टाकत होता. ज्याच्या जोरावर तो इतर शैलींना नावं ठेवत फिरत होता ती शैली एका खोलीच्या लांबीला पुरली नव्हती.

माझी फजिती हरल्यावरची होती, त्यामुळे मला डोळे उघडण्यावाचून इलाज नव्हता. जिंकल्यावर, चार लोक पाठ थोपटत असताना, हे स्वतःशी कबूल करायला काय लागत असेल याचा विचार करा. विशेषतः ब्रूस लीसारख्या माणसाला, ज्याच्यात नम्रता नावालाही नव्हती.

पुढची पाच-सहा वर्षं त्याने काय केलं ते मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. आधी दम कमावला. रोज पळणं, दोरीवरच्या उड्या, सायकल, वजनं. त्या काळी कुंग फूवाले वजनांना हात लावत नसत, अंग आखडतं म्हणून. त्याच्या व्यायामात आपल्या जोरांसारखा एक प्रकार होता, मांजर आळस देतं तसा. गामा पैलवानाच्या मेहनतीबद्दल त्याने वाचलं होतं असं सांगतात. मग पुस्तकं. त्याच्या संग्रहात दोन हजारांवर पुस्तकं होती, त्यांत बॉक्सिंग, कुस्ती, तलवारबाजी असा सगळा बाजार. मोहम्मद अलीच्या लढतींच्या फिल्म तो पुन्हा पुन्हा पाहायचा.

कुणाकडून काय घेतलं तेही सांगते, कारण खरी विद्या तिथेच आहे. बॉक्सिंगकडून पाय आणि डोकं. म्हणजे सतत हलत राहणं, डोकं रेषेतून बाजूला घेणं, ठोसा नुसत्या हाताने न मारता कमरेपासून आणणं. पाश्चात्त्य तलवारबाजीकडून अंतर. त्याचा थोरला भाऊ पीटर तलवारबाज होता. तलवारबाज बळकट हात पुढे धरतो, कारण पुढचा हात लवकर पोचतो. ब्रूसनेही बॉक्सरांच्या उलट आपला उजवा हात पुढे आणला. आणि तलवारबाजीतलाच एक डाव त्याने मुळाशी धरला: समोरचा वार करायला निघाला की तो अडवायचा नाही, तो निघतानाच आपला वार पोचवायचा. १९६७ मध्ये त्याने आपल्या पद्धतीला नाव दिलं जीत कुन डो, म्हणजे वाटेतच अडवणाऱ्या मुठीचा मार्ग. ते इथून आलं.

उंच लाथा त्याने कोरियन पद्धतीच्या जून रीकडून सुधारून घेतल्या आणि बदल्यात त्याला ठोसा दिला. नानचाकू आणि फिलिपिनो काठी-लढाई डॅन इनोसांतोकडून, जो नावाला त्याचा शिष्य होता. आणि धरपकड घेतली जीन लेबेलकडून. हा लेबेल अमेरिकेचा ज्युदो विजेता. १९६३ च्या डिसेंबरमध्ये त्याने मायलो सॅव्हेज नावाच्या बॉक्सरशी जाहीर लढत घेऊन चौथ्या फेरीत त्याचा गळा आवळून शुद्ध घालवली होती. बॉक्सर श्रेष्ठ की ज्युदोवाला हा वाद तेव्हा चालू होता, म्हणून ती लढत. ब्रूस त्याला 'ग्रीन हॉर्नेट' या मालिकेच्या सेटवर भेटला. आपले वॉचमनमामा आणि लेबेल यांची भेट झाली असती तर दोघांना भाषेची गरज पडली नसती.

या सगळ्यातून त्याच्या डोक्यात एक नकाशा तयार झाला. लढताना दोन माणसांमध्ये चार अंतरं असतात. लाथेचं, ठोशाचं, एकमेकांचे हात अडकतात ते, आणि मिठीचं. बहुतेक शैली एका अंतरावर राजा असतात आणि बाकीच्या तिन्हींवर भिकारी. विंग चुन तिसऱ्यावर, बॉक्सिंग दुसऱ्यावर, कुस्ती चौथ्यावर. खरी मारामारी कुठल्या अंतरावर होईल हे मारेकरी ठरवतो. हे वाचलं तेव्हा मला मागच्या गेटपाशी काय झालं ते पहिल्यांदा कळलं. माझी पंधरा वर्षं पहिल्या दोन अंतरांवर गेली होती. तो थेट चौथ्यावर येऊन उभा राहिला.

आणखी एक गोष्ट त्याने केली ती म्हणजे खरोखर मारून बघणं. त्या वेळच्या कराटे स्पर्धांत ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायचा नियम असे. ब्रूसने शिष्यांना बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज, डोक्याला आणि छातीला संरक्षक चढवून पूर्ण ताकदीने लढायला लावलं. चक नॉरिस, जो लुइस, माइक स्टोन यांच्यासारखे कराटेतले नावाजलेले विजेते त्याच्याबरोबर सराव करत. सव्वासात फुटांचा बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार त्याचा शिष्य होता. एवढ्या लांब हातांच्या माणसाच्या आत शिरायचं कसं, हा प्रश्न त्याला सोडवायला मिळाला. लॉस एंजेलिसच्या शाळेत दारापाशी त्याने एक छोटं थडगं मांडून ठेवलं होतं. शैलीच्या चौकटीत कोंबून मेलेल्या, एकेकाळी वाहत्या असलेल्या माणसाच्या नावाने. आणि १९७० मध्ये तर त्याने आपल्या तिन्ही शाळाच बंद केल्या. लोक जीत कुन डोचीच एक नवी चौकट करतील अशी त्याला भीती वाटत होती.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. ब्रूस ली मोठा झाल्यावर कुठल्या स्पर्धेत उतरला नाही. रिंगमध्ये तो कितपत टिकला असता यावर लोक अजून वाद घालतात, तो वाद मिटणारा नाही. आणि जमिनीवर पडल्यावरचं लढणं त्याच्या विद्येत कमीच राहिलं. मी त्याला अजिंक्य म्हणत नाही. माझ्या भावाच्या कपाळावरच्या टेंगळाची शपथ.

त्याच वर्षी त्याच्या शरीराने त्याला गाठलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी अंग न तापवता खांद्यावर वजन घेऊन कमरेतून वाकण्याचा व्यायाम केला आणि पाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं की लाथ विसरा. काही महिने अंथरुणात. घरात दोन लहान मुलं, बायको कामाला जाऊ लागली, तो पडल्या पडल्या वह्या भरत राहिला. तीच टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, पुस्तकरूपाने आली. पाठदुखी त्याला कायमची जडली. ज्याने आयुष्यभर इतरांना शरीर ओळखायला शिकवलं त्याने स्वतःच्या शरीराचं मात्र ऐकलं नाही. माझ्या वयाच्या सभासदांनी, विशेषतः जानेवारीत जिम लावणाऱ्यांनी, हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

१९७१ च्या सुरुवातीला तो भारतातही येऊन गेला. वॉर्नर ब्रदर्सचे रुपये इथे अडकले होते, देशाबाहेर नेता येत नव्हते, तेव्हा इथेच एक सिनेमा काढावा असा बेत होता. जेम्स कोबर्न हा नट आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट या आपल्या दोन शिष्यांबरोबर तो दिल्ली, राजस्थान, मद्रास, गोवा असा फिरला. कोबर्नला जागा पसंत पडल्या नाहीत आणि सिनेमा बारगळला. ब्रूस हाँगकाँगला गेला आणि पुढच्या दोन वर्षांत जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सिनेमांबद्दल लिहीत नाही. फक्त दोन जागा बघा, मुलांनो, मोबाइलवर मिळतील. 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये रोमच्या कलोसियममध्ये चक नॉरिसशी लढताना तो आधी मार खातो, मग थांबतो, पाय सैल करतो आणि नाचायला लागतो. तिथे चा-चा-चा दिसतो. आणि 'एंटर द ड्रॅगन'ची अगदी सुरुवात. बोटं मोकळी असलेले ग्लोव्ह्ज घालून तो लढतो, आणि शेवट ठोशाने होत नाही. तो प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडून हात पिरगाळतो आणि तो हार मानतो. हल्ली टीव्हीवर पिंजऱ्यात लढतात ते बघणाऱ्यांना यात ओळखीचं काही दिसेल. त्या लढतींची पहिली मोठी स्पर्धा १९९३ सालची. हा सिनेमा १९७३ सालचा.

तो त्याने स्वतः प्रदर्शित झालेला पाहिला नाही. २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये डोकं दुखतं म्हणून एक वेदनाशामक गोळी घेऊन तो झोपला आणि उठला नाही. मेंदूला सूज आली होती. वय ३२. त्याला सिॲटलमध्ये पुरलं, जिथे तो वेटर म्हणून राहिला होता.

माझं कोपर दोन महिन्यांनी सुटलं. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी गच्चीवर वॉचमनमामांना घेऊन गेले आणि मुलींना सांगितलं की आजपासून हे मला शिकवतील आणि तुम्ही बघाल. मामा लाजून अर्धमेले झाले होते. बायकांना हात कसा लावायचा हा त्यांचा खरा प्रश्न होता. तो आम्ही एक जुनी गादी गुंडाळून, तिला दोरीने बांधून सोडवला. आधी पडायला शिकलो. मग मागून धरलं तर हनुवटी कुठे न्यायची, बूड कसं खाली घ्यायचं, पट कसा काढायचा. पुढे एका बॉक्सिंग शिकलेल्या मुलाला बोलावलं. दोन महिन्यांत चोवीसच्या नऊ मुली राहिल्या. गुडघे फुटतात म्हणून काही आयांनी मुली काढून घेतल्या, आणि सातव्या मजल्यावरून धप्प धप्प आवाजाची तक्रार आली ती वेगळीच. मामा २०१६ मध्ये गावी गेले. त्यांनी शिकवलेला पट आता आमच्या क्लासमधली दहा वर्षांची मुलगीही काढते. परवा तिने माझाच काढला.

क्लास शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात, ए विंगच्या गच्चीवर. वयाची अट नाही. मॅट जिन्यानेच न्यायच्या आहेत, लिफ्टमधून नेल्यास कमिटी दंड घेते.